ऑटोस्टिअर घ्यायचाय? आधी खुंट्या, टेप आणि ओळंबा घ्या

मागच्या फेब्रुवारीत खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या उसाच्या, बगला फोडताना माझ्याच ट्रॅक्टरनं माझीच ड्रिपची नळी पाऊणशे फूट उचकटून काढली. ऑटोस्टिअर, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवर ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आपोआप फिरवणारा संच, चालू होता, स्क्रीनवर हिरवा दिवा होता, अचूकतेचा आकडा २ सेंटीमीटर दाखवत होता. आमचे ड्रायव्हर मामा खाली उतरले, फाळाला गुंडाळलेल्या नळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "दादा, डोळं झाकून हाकला असता तर निदान देवाला तरी दोष देता आला असता."

चूक यंत्राची नव्हती. माझी होती, आणि ती खरेदीच्या दिवशीच झाली होती, कारण विचारायचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. तो कुठला ते पुढं येईल. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, काळ्या रानाचं. घरचा ऊस, दोन ट्रॅक्टर, आणि हातकणंगल्यापर्यंत भाड्यानं सऱ्या सोडायची कामं. दिवाळीपासून आठवड्याला एखादा तरी फोन येतो: कुठला बसवलाय, कितीला पडला, आम्ही घेऊ का? फोनवर बोलून बोलून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

"कुठला घेऊ" याचं उत्तर मी देत नाही. उलट विचारतो, रान केवढं आणि काम कसलं?

कारण हे यंत्र करतं एवढंच: तुम्ही शेतात अ पासून ब पर्यंत एक रेघ ठरवून दिली की तिला समांतर, सांगितलेल्या अंतरावर, पुढच्या सगळ्या रेघा स्वतः स्टिअरिंग फिरवून चालतं. ब्रेक मारत नाही, गिअर टाकत नाही, मागचा सऱ्या पाडायचा रेजर उचलत नाही. बहुतेक जण बांधाजवळ वळण स्वतःच घेतात. मग ही रेघ सरळ आल्यानं तुमचं नेमकं काय वाचतं, ते आधी कागदावर मांडा.

रोटरचं घ्या. सहा फुटी रोटर, ड्रायव्हर रान सुटू नये म्हणून दर फेरीला नऊ इंच मागच्या फेरीवर चढवतो. बहात्तर इंचांतले नऊ म्हणजे आठवा हिस्सा. आठ एकर रोटर मारला तर एक एकराचं डिझेल मारलेल्याच रानावर गेलं. हे वाचवायला दहा-पंधरा सेंटीमीटरची अचूकता पुरते, दोनची गरज नाही.

सरीचं गणित वेगळं. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. साडेचार फुटी सरी धरली तर एकरात ९,६८० फूट सरी बसते. आता एका फेरीत दोन सऱ्या पाडणारा रेजर असेल तर त्या दोन सऱ्यांमधलं अंतर लोखंडानं पक्कं केलेलं असतं. चुकतं ते दोन फेऱ्यांमधलं, जोडसरीचं. जोडसरी दर वेळी सहा इंच रुंद पडली तर सरासरी पावणेपाच फूट होते आणि एकरात ५०० फुटांवर सरी कमी बसते. उलट ती अरुंद पडली तर उसाला माती लावायच्या मोठ्या भरणीला छोटा ट्रॅक्टर आत शिरत नाही, आणि पुढं हार्वेस्टर बोलवायचा झाला तर त्याचं चाक बुडख्यावर चढतं. तेव्हा सरीसाठी सेंटीमीटरात हिशोब लागतो. आणि खोडव्यात परत त्याच सऱ्यांत जायचं असेल, खाली ड्रिप असेल, तर आज सरळ येऊन भागत नाही. सव्वा वर्षानं तीच रेघ त्याच जागी सापडली पाहिजे. विक्रेते पहिली अचूकता दाखवतात, आपण दुसरीचे पैसे मोजतोय असं समजतो. एका फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंतची अचूकता आणि एका वर्षापासून दुसऱ्या वर्षापर्यंतची अचूकता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. माझी नळी त्या फटीत गेली.

रानाचा आकारही बघा. २० गुंठ्यांचा तुकडा ६६ फूट रुंद आणि ३३० फूट लांब असेल आणि सऱ्या लांबीनं असतील तर ठीक, शंभर मीटरची फेरी मिळते. त्याच तुकड्यात पाण्याच्या सोयीसाठी सऱ्या आडव्या असतील तर फेरी २० मीटरची. वळून आल्यावर ट्रॅक्टरला ओळीवर बसायलाच सात-आठ मीटर लागतात, मग उरलं काय? आमच्या भावकीत वाटण्या होऊन दहा-दहा गुंठ्यांच्या पट्ट्या झाल्यात. एकट्यासाठी तिथं ऑटोस्टिअर घेणं म्हणजे शेळीला हत्तीचा हौदा. भाड्यानं कामं करणाऱ्याला, किंवा पाच-सहा शेतकरी मिळून घेणाऱ्यांना, तो परवडू शकतो. वर्षाला किती एकर काम होईल ते प्रामाणिकपणे लिहा, हप्ता अधिक सिग्नलची वर्गणी अधिक दुरुस्ती यांना त्या एकरांनी भागा, आणि येणारा आकडा एकरी भाड्यात गिऱ्हाईक देईल का ते दोन-चार गिऱ्हाइकांनाच विचारा. मी विचारलं तेव्हा निम्मे हसले होते. जोडसऱ्या बघून त्यातल्या काही जणांनी पुढच्या वर्षी आपणहून बोलावलं, पण ते नंतर.

सिग्नल: सगळा खेळ इथं आहे

स्क्रीन दहा इंची की बारा इंची यात लोक अडकतात. माझ्या मते पैशातला निम्मा विचार सिग्नलला द्यावा.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर वर फिरतात. त्यांचा सिग्नल खाली येताना वातावरणाच्या वरच्या थरांत रेंगाळतो, म्हणून नुसत्या उपग्रहांवर मोबाइलसारखी काही मीटरची चूक राहते. रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बायडू, आपला नाविक, सगळे मिळून पकडले तर उपग्रह जास्त दिसतात, बांधावरच्या नारळा-कडुनिंबाखाली अडखळायचं कमी होतं. पण चूक सेंटीमीटरात येत नाही. "आमचा नाविकवर चालतो" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर आनंद माना आणि पुढचा प्रश्न विचारा: दुरुस्ती कुठून येते, म्हणजे उरलेली चूक किती ते ट्रॅक्टरला कोण कळवतं?

आपल्याकडं गगन आहे. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं विमानांसाठी उभं केलेलं, फुकट. पण त्याची अचूकता मीटरच्या घरातली. विमानाला धावपट्टीकडं आणायला ठीक, सरीला नाही.

दुसरा मार्ग म्हणजे उपग्रहावरूनच येणारी विकतची दुरुस्ती. मोबाइलची रेंज लागत नाही ही तिची मोठी सोय. पण चालू केल्यावर पूर्ण अचूकता यायला बऱ्याच सेवांना पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास लागतो, आणि वर्षाची वर्गणी असते. आणखी एक गंमत आहे जी मला कुठल्याही स्टॉलवर कुणी सांगितली नाही. भारताचा भूखंड वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर ईशान्येकडं सरकतोय. ही सेवा जगाच्या मापात जागा सांगत असेल तर तुमचं अख्खं रान, उसासकट, दर वर्षी त्या मापात दोन इंच पुढं गेलेलं असतं. यंदाच्या लागणीला फरक नाही. खोडव्याचा खोडवा राखणाऱ्यानं मात्र विचारावं की जुनी रेघ जागेवर आणायची सोय स्क्रीनमध्ये आहे का.

तिसरा मार्ग आरटीके, आणि उसाला माझं मत त्यालाच. एक रिसीव्हर जागेवर पक्का बसवायचा, त्याला बेस म्हणायचं. दुसरा ट्रॅक्टरच्या छतावर. दोघांना दिसणारे उपग्रह तेच, वाटेतली चूकही जवळपास तीच. कारखान्याचा भोंगा पाच मिनिटं उशिरा झाला तर त्यावर लावलेली गावातली सगळी घड्याळं सारखीच मागं असतात. एकाला खरी वेळ ठाऊक असली की बाकीच्यांची चूक काढता येते, तसंच. बेसला आपली जागा माहीत असते, तो चूक मोजून ट्रॅक्टरला कळवतो, आणि ट्रॅक्टर दोन-अडीच सेंटीमीटरवर येतो. बेसपासून दर दहा किलोमीटरला साधारण एक सेंटीमीटर चूक वाढते, म्हणून एकट्या बेसपासून फार लांब जाऊ नये.

आता माझी नळी. मी स्वतःचा बेस घेतला होता, तिपाईवर उभा करायचा. विहिरीच्या मोटारघराशेजारी लावायचो, काम झालं की घरी. बेस चालू केला की "इथलीच जागा घे" असं एक बटण होतं, ते दाबायचो. हे बटण दाबल्यावर बेस स्वतः थोडा वेळ सरासरी काढून आपली जागा ठरवतो, आणि त्या ठरवण्यातच मीटरभराची गफलत असू शकते. ट्रॅक्टर मग त्या चुकीच्या जागेपासून अगदी दोन सेंटीमीटर अचूक चालतो! त्या दिवसाच्या सऱ्या एकमेकींना समांतर, सुंदर. पण फेब्रुवारीत तिपाई नव्यानं लावली, बटण नव्यानं दाबलं, आणि सगळ्या रेघा सव्वा फूट बाजूला गेल्या. स्क्रीनला त्यातलं काही कळायचं कारणच नव्हतं.

म्हणून विचारायचा प्रश्न हा: बेसची जागा आकड्यांनी हातानं भरता येते का, आणि ती कशी ठरवून देणार? आता माझा बेस घराच्या स्लॅबवर सिमेंटच्या खांबात ओतलेल्या बोल्टवर बसतो. त्या बोल्टची जागा एकदा नीट मोजून घेतली, आकडे वहीत आणि माळ्याच्या भिंतीवर रंगानं लिहिलेत. बेस रानात लावू नका असं आमच्याकडं वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यानं बघितलाय तो तिथं महागडी वस्तू ठेवणार नाही. स्लॅबवर लावताना आर्थिंग मात्र करून घ्या.

स्वतःचा बेस नको असेल तर सर्व्हे ऑफ इंडियानं देशभर कायमची स्टेशनं उभी केलीत, त्यांना कॉर्स म्हणतात. भूमी अभिलेखचा माणूस हल्ली मोजणीला काठीवर बसवलेला रोव्हर, म्हणजे फिरता रिसीव्हर, घेऊन येतो, तो याच पद्धतीचा. नोंदणी करून लॉगिन मिळालं की इंटरनेटवरून दुरुस्ती येते. त्यासाठी रिसीव्हरनं आरटीसीएम ३ नावाची खुली भाषा घेतली पाहिजे, आणि स्क्रीनमध्ये एनट्रिपचा (नेटवरून दुरुस्ती आणायच्या पद्धतीचा) पत्ता, पोर्ट, माउंटपॉइंट, नाव, पासवर्ड भरायची जागा उघडी पाहिजे. काही यंत्रं फक्त आपल्याच कंपनीचं सिग्नल घेतात. कुलूप कुणाच्या हातात आहे ते पैसे देण्याआधी बघा. आणि एक वर्ष स्वतःच्या बेसवर, पुढचं वर्ष कॉर्सवर अशी उडी मारली तर जुन्या रेघा हलू शकतात, एकावर ठरा.

इंटरनेट म्हणजे मोबाइलची रेंज. बांधावर चार काड्या दिसतात, बारा फुटी उसाच्या दोन फडांमध्ये ट्रॅक्टर शिरला की एक. डेटा तसा थोडाच लागतो, तासाला काही एमबी. पण तो सलग लागतो. तुमच्या रानात कुठलं सिमकार्ड चालतं ते दुपारी आणि संध्याकाळी फिरून बघा. सिम यंत्रातच लॉक केलेलं असेल तर बदलता येतं का विचारा. नेट तुटल्यावर ट्रॅक्टर किती मिनिटं तग धरतो हेही विचारा. रेडिओवर चालणारा बेस घेत असाल तर त्याची फ्रिक्वेन्सी विनापरवाना पट्ट्यातली आहे का, नसेल तर परवाना कोण काढून देणार, ते बिलाआधी लेखी घ्या.

आणि संध्याकाळ. ही गोष्ट पंजाबातल्या ओळखीच्यांना तितकीशी जाणवत नाही, आपल्याला जाणवते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात सूर्य मावळल्यावर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, खळबळ होते. उपग्रहाचे सिग्नल लुकलुकायला लागतात. फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिचे महिने, वेळ अंधार पडल्यापासून मध्यरात्रीपर्यंत. सूर्यावरचे डाग वाढलेले असतात त्या वर्षांत जास्त; २०२४ च्या ऑक्टोबरमध्येच नासानं सूर्याचं चक्र शिखरावर असल्याचं जाहीर केलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात सौरवादळ आलं तेव्हा अमेरिकेत ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभे राहिले. आपल्याकडं वादळ लागत नाही, साधी मार्चची रात्र पुरते. आठ वाजता हिरवा दिवा पिवळा झाला, दहा मिनिटांनी लाल, आणि मी सिमकार्डाला शिव्या देत बसलो होतो. तेव्हा रात्रीची कामं घेणाऱ्यानं डेमो अंधार पडल्यावर मागावा. विक्रेता कुरकुर करेल. त्याला चहा पाजा आणि थांबवून घ्या.

ट्रॅक्टर त्या लायकीचा आहे का

यंत्र चांगलं आणि ट्रॅक्टर ढिला, तर रेघ नागमोडीच येणार. पॉवर स्टिअरिंग नसेल तर विषय सोडा. असेल तर ट्रॅक्टर चालू ठेवून स्टिअरिंग हळू फिरवा आणि पुढचं चाक हलायच्या आधी ते किती रिकामं फिरतं ते बघा. टाय रॉडचे एंड, किंगपिनचे बुश झिजलेले असतील तर आधी ते बदला. माझ्या जुन्या गाडीला बसवणाऱ्यानं तीन तास सेटिंग केलं, ट्रॅक्टर सापासारखा चालायचा थांबेना. शेवटी बुश बदलले आणि पहिल्याच फेरीला सुतासारखा गेला. मागं जड रेजर आणि पुढं वजन नाही, अशी टू-व्हील गाडी ओल्या काळ्या रानात पुढून तरंगते. चाक वळतं, ट्रॅक्टर वळत नाही. पुढं वजनं लावा.

आपल्या चाळीस-पंचावन्न एचपीच्या गाड्यांना बहुधा स्टिअरिंगच्या जागी बसणारी मोटर मिळते. जुन्या प्रकारात स्टिअरिंगच्या कडेला रबरी चाक घासून फिरवायचे. चिखल लागला की ते घसरतं. थेट दांड्यावर बसणारी मोटर घ्या. दांड्याचे दाते तुमच्या मॉडेलला जुळणारे हवेत. माझ्या दुसऱ्या ट्रॅक्टरचे जुळले नाहीत, तेव्हा उद्यमनगरात जाऊन अडॅप्टर लेथवर करून घेतला, ब्रॅकेटही तिथंच. कोल्हापूरला असल्याचा हा फायदा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या माझ्या साडूला त्याच तुकड्यासाठी कुरिअरची वाट बघावी लागली. मोटर हातानं स्टिअरिंग पकडताच सुटते का, हे दहा वेळा करून बघा.

छतावरच्या अँटेनाचं एक गणित डोक्यात ठेवा. नांगरताना एक चाक सहा इंच खोल तासात, म्हणजे नांगराच्या चरात, दुसरं वर. दोन चाकांत साडेचार फूट. छत साडेआठ फुटांवर असेल तर अँटेना तब्बल अकरा इंच बाजूला झुकतो. म्हणजे दोन सेंटीमीटरचा सिग्नल घेऊन अकरा इंचांची चूक. झुकाव मोजून ती चूक वजा करणारा सेन्सर हवाच, आणि तो नुसता असून चालत नाही, बसवल्यावर कॅलिब्रेट केलेला हवा. दोन अँटेनांचा संच महाग असतो, पण उभ्या जागी आणि अगदी हळू चालतानाही ट्रॅक्टरचं तोंड कुठं आहे ते त्याला कळतं. यंत्रानं रोप लागण करणाऱ्यानं त्याचा विचार करावा. नुसती नांगरट-रोटर करणाऱ्यानं नाही केला तरी चालेल.

करंट थेट बॅटरीवरून, फ्यूज टाकून, जाड वायरनं घ्या. सेल्फ मारताना व्होल्टेज पडून स्क्रीन बंद होत असेल तर त्याच दिवशी तक्रार लिहून द्या. वायर उंदरापासून वाचवा, बाकी काय सांगू.

डेमो आपल्या रानात, आपल्या खुंट्यांवर

प्रदर्शनातल्या मैदानात सगळेच ट्रॅक्टर सरळ जातात. स्वतःच्या रानात, स्वतःचं अवजार जोडून बघा. सामान साधं: दहा खुंट्या, टेप, दोरी, गवंड्याचा ओळंबा.

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला बरोबर मध्यावर ओळंबा बांधा. शंभर मीटरची रेघ ठरवून तिच्यावरून जाताना तीन ठिकाणी थांबा आणि ओळंबा जिथं टेकेल तिथं खुंटी ठोका. आता त्याच रेघेवरून उलट्या दिशेनं या. ओळंबा त्याच खुंट्यांवर आला तर उत्तम. सगळ्या खुंट्यांपासून एकाच बाजूला, समजा आठ सेंटीमीटर, पडला तर अँटेना मध्यापासून चार सेंटीमीटर सरकलेला भरलाय किंवा झुकावाचा सेन्सर चुकलाय. उलट येताना चूक दुप्पट दिसते, म्हणून निम्मी धरायची आणि सेटिंगमध्ये भरायची. ट्रॅक्टर बरोबर आला आणि सरी बाजूला पडली तर दोष अवजाराचा: लिफ्टच्या चेक चेन ढिल्या असतील, रेजर एका अंगाला ओढत असेल. स्क्रीन अँटेनाची जागा दाखवते, फाळाची नाही.

खुंट्या तशाच राहू द्या. सगळं बंद करा, बेससुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं चालू करून पुन्हा त्याच खुंट्यांवर या. हीच ती परीक्षा जी मी घेतली नव्हती. शक्य असेल तर आठवड्यानं आणखी एकदा. विक्रेता म्हणेल, "साहेब, कशाला, एकदा बघितलं की झालं." त्याचं ऐकू नका. वाकड्या बांधाच्या रानात वळणाची रेघही चालवून बघा, कारण आपली रानं काही कुणी पट्टीनं आखलेली नाहीत. शेजारच्या एकानं तर हाच आरटीके घेऊन क्षारपड रानात निचऱ्याचे सच्छिद्र पाइप कुठून गेलेत त्याच्या रेघा जपून ठेवल्यात. आता चोकअप काढायला अख्खं रान उकरावं लागत नाही. हा उपयोग माझ्या डोक्यातही आला नव्हता.

कंपन्यांबद्दल थोडक्यात. जॉन डिअर, ट्रिंबल, टॉपकॉन ही जुनी नावं. सीएचसीएनएव्ही, एफजेडायनॅमिक्स हे चिनी संच तुलनेनं नवे. ट्रिंबलचा शेतीचा धंदा २०२४ च्या एप्रिलपासून एजीसीओबरोबरच्या पीटीएक्स ट्रिंबलमध्ये गेलाय, म्हणून जुन्या नावानं सेकंडहँड संच मिळाला तर वर्गणी आणि सुटे भाग आता कोण देतं ते आधी विचारा. घरात इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेलं पोरगं असेल तर अ‍ॅगओपनजीपीएस हे फुकटचं खुलं सॉफ्टवेअर आहे, कॅनडातल्या एका शेतकऱ्यानं सुरू केलेलं. माझ्या पुतण्यानं त्यावर एक संच जमवला. चालतो. पण बिघडला की पुतण्याची परीक्षा संपेपर्यंत ट्रॅक्टर हातानंच चालवायचा.

ब्रँडपेक्षा मी माणूस बघतो. ऐन लागणीत बंद पडलं तर कोण येणार, कुठून येणार, किती तासांत? माझ्या पहिल्या विक्रेत्याचा माणूस चौथ्या दिवशी आला, तोही चुकीची केबल घेऊन. दुसऱ्या वेळी मी त्याच विक्रेत्याच्या तीन जुन्या गिऱ्हाइकांना गाठून हाच प्रश्न विचारला आणि मगच दुसरीकडं गेलो. बिलावर प्रत्येक भागाचा सीरिअल नंबर, जीएसटी, पहिल्या वर्षाची वर्गणी धरून की वेगळी, आरटीके चालू करायचा कोड दिलाय की नंतर विकणार, दुसऱ्या ट्रॅक्टरवर हलवायला फक्त ब्रॅकेट लागतं की आणखी काही, रेघा पेनड्राइव्हवर काढता येतात का: सगळं लिहून घ्या. लॉगिन तुमच्या मोबाइल नंबरवर असू द्या, विक्रेत्याच्या नको. स्क्रीन मराठीत नसली तरी हिंदीत असावी, कारण ती तुम्ही नाही, ड्रायव्हर वापरणार.

ड्रायव्हरला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. मामांना वाटलं होतं आता आपली गरज संपली. उलट झालं, स्टिअरिंगवरची नजर सुटली तशी ती मागं रेजरवर गेली आणि खोली एकसारखी यायला लागली. पण एक दम मी त्यांना पहिल्याच दिवशी दिला: ट्रॅक्टर चालू असताना सीट सोडायची नाही, मोबाइल बघायचा नाही. यंत्राला विहीर दिसत नाही. लाइटचा खांब, त्याचा तणावा, ड्रिपचा व्हॉल्व्ह, पाइपवर बसलेलं पोर, काहीच दिसत नाही. आमच्या रानात कठडा नसलेली एक जुनी विहीर आहे, तिच्या चारी बाजूंनी वीस फूट मी स्क्रीनमध्ये हद्द आखली आणि वर खऱ्या रानात लाल झेंडेही लावले. रस्त्यावर येण्याआधी मोटरचं बटण बंद, हेही रोज.

घ्यायचा महिना म्हणाल तर ऑगस्टात आडसालीची लागण उरकली की विक्रेत्यांना बोलवायला लागा. सप्टेंबरात वापसा मिळेल तसा डेमो, त्यातला एक तरी संध्याकाळी साडेसातनंतर, म्हणजे सिग्नल लुकलुकण्याचा हंगामही आपोआप तपासून होतो. ऑक्टोबरच्या पूर्वहंगामी लागणीआधी निदान दोन आठवडे संच ट्रॅक्टरवर असू द्या, आणि पहिली सरी स्वतःच्या रानात सोडा, गिऱ्हाइकाच्या नाही.